साठच्या दिव्याची अबोली

“भिंतीला रंग नसतो बाई, रंग उजेडाला असतो.”

गुणाजी राऊळ हे वाक्य एकदाच बोलला. १९८५ साली, मुलुंडच्या एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये. समोर वसुधाबाई उभ्या होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या भिंतींचा रंग स्वतः ठरवत होत्या. त्यांच्या हातात मासिकातून कापलेलं एक पान होतं. पानावर परदेशातली एक खोली, फिक्या जांभळ्या भिंतींची. इतक्या फिक्या, की जांभळा तिथं आहे की नुकताच निघून गेलाय ते नीट कळत नव्हतं. अगदी असाच हवा, बाई म्हणाल्या. गुणाजीनं पान हातात घेतलं नाही. संध्याकाळी इथं कुठला दिवा असतो, बल्ब की ट्यूब, एवढंच विचारलं.

बाईंना वाटलं, माणूस टाळतोय. तेव्हा तो ते वाक्य बोलला, आणि बोलून गेल्यावर लाजल्यासारखा मोरीत बादली धुवायला गेला.

त्याचं सांगायचं तर कापडापासून सुरुवात करावी लागते. सावंतवाडीकडच्या एका वाडीतून तो अठराव्या वर्षी मुंबईला आला आणि मामाच्या ओळखीनं गिरणीच्या रंगखात्यात लागला. तिथं दत्ताराम नावाचा एक म्हातारा शेड जुळवायचा. गिऱ्हाइकाकडून बोटभर चिंधी यायची आणि त्या चिंधीसारखं हजारो वार कापड रंगवून द्यायचं असायचं. दत्ताराम चिंधी आणि नव्या कापडाचा तुकडा घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी जायचा. दुसरीकडे उभा राहून कधी बघायचा नाही. उत्तरेचा उजेड कुणाची बाजू घेत नाही, असं म्हणायचा. गुणाजीला त्यानं दोन गोष्टी शिकवल्या. ओला रंग खोटा असतो, तो वाळेपर्यंत थांबायचं. आणि आठवणीवरून शेड जुळवायची नाही. नमुना समोर नसेल तर काम नाकारायचं.

बावीस वर्षं गुणाजी त्या खिडकीपाशी होता. दत्ताराम गेल्यावर चिंध्या त्याच्याकडे येऊ लागल्या. पुढं १९८२चा जानेवारी आला आणि संप झाला. उन्हाळ्यापर्यंत लोकांनी बायकापोरं गावाला पाठवायला सुरुवात केली. गुणाजीनंही बायकोला, शेवंतीला, आणि सहा वर्षांच्या नलिनीला एस.टी.त बसवून दिलं. दोन महिन्यांत मिटेल, म्हणाला. संप मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही. लोक फक्त एकेक करून त्याबद्दल बोलायचे थांबले. चाळीतल्या बाकीच्या बायका पुढच्या वर्षी आल्या, काही त्याच्या पुढच्या वर्षी. शेवंती आली नाही.

भांडण झालेलं नव्हतं. ती त्याला पत्रं पाठवायची, तांदळाचं पीठ पाठवायची, कुळीथ पाठवायची. गणपतीला तो गेला की त्याच्या पानात आधी वाढायची. एकदा त्यानं सरळ विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की त्या खोलीत सकाळ कधी होते ते कळत नाही. गुडघा दुखतो हे सांगावं तशा आवाजात.

ती खोली भांडुपला, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत होती. दहा बाय बाराची. मागची भिंत टेकडी कापून तिला टेकवलेली, दोन्ही अंगांना दुसऱ्यांच्या खोल्या, आणि दार उघडायचं ते पत्र्यानं झाकलेल्या बोळात. खिडकी नव्हती, होऊ शकत नव्हती. छताच्या मधोमध एक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला साठचा बल्ब. तो सकाळी पेटायचा, घरात माणूस असेपर्यंत पेटलेला असायचा. शेवंती तिथं अकरा वर्षं राहिली होती. भाजी निवडायला दारात बसायची. नलिनी तान्ही असताना तिला घेऊन बोळाच्या तोंडाशी जायची, तिचं तोंड नीट बघता यावं म्हणून.

गुणाजीला त्या खोलीचं काही वाटत नव्हतं. बावीस वर्षं दिवसभर त्याला पुरेल एवढा उजेड गिरणीत मिळत होता. घरी तो फक्त झोपायला यायचा.

संपानंतर तो घरं रंगवू लागला. मुलुंड, नाहूर, घाटकोपर, सगळीकडे नव्या इमारती उठत होत्या. पूर्वी लोक भिंतीला रंग लावत तो मळ झाकायला. खाली कमरेपर्यंत ऑइलपेंटचा हिरवा पट्टा, वर चुन्यात नीळ. आता नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलेली माणसं ‘लाइट शेड’ मागत होती. पिस्ता, मोतिया, आकाशी, फिका गुलाबी. फिक्या रंगानं खोली मोठी दिसते असं कुठंतरी छापून आलं होतं आणि सगळ्यांच्याच खोल्या लहान होत्या. दुसरे रंगारी पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये स्टेनरचे चार थेंब टाकून काठीनं ढवळायचे आणि दुपारपर्यंत पहिला हात मारून मोकळे व्हायचे. गुणाजी आधी दोन दिवस नुसता यायचा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उकिडवा बसायचा. मग बोटभर रंग कालवून भिंतीच्या कोपऱ्यात लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचा. लोकांना तो आळशी वाटायचा. वसुधाबाईंच्या इमारतीच्या वॉचमननं तर एकदा विचारलंच, काका, रंग काढताय की तप करताय?

बाईंच्या बादलीत जो रंग तयार झाला तो त्या पानावरच्या खोलीसारखा मुळीच नव्हता. उन्हात तो मातकट गुलाबी दिसत होता. बाईंचा चेहरा उतरला. दुसरा हात वाळला त्या संध्याकाळी गुणाजीनं ट्यूब लावली. ट्यूब दोनदा उघडझाप करून स्थिर झाली आणि भिंती आपोआप त्या पानात गेल्या. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून सावकाश एक गिरकी घेतल्यासारखं फिरल्या. चहा घेणार का, एवढंच विचारलं. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून दोघं उभ्यानं चहा प्यायली. तेव्हा गुणाजीनं त्यांना सांगितलं, की ट्यूबखाली गुलाबी मरतो, म्हणून त्यात जरा जास्त जीव घालून ठेवावा लागतो. बल्बचं उलट. बल्ब पिवळा असतो, सगळ्याला शेकल्यासारखं करतो, तिथं रंगात आधीच थोडी राख घालायची. म्हणजे शेकून झाल्यावर जे उरतं ते बरोबर उरतं.

रंगाऱ्याला घर ठाऊक असतं ते रिकामं असतानाच. सामान आलं, देवांच्या तसबिरी लागल्या, पोरं पलंगावर उड्या मारू लागली की तो तिथं नसतो. गुणाजीनं सहा वर्षांत साठ-सत्तर घरं रंगवली आणि त्यातल्या एकाही घरात त्यानं कुणाला जेवताना पाहिलं नाही. मग त्याला एक सवय लागली. काम संपल्यावर महिन्याभरानं तो संध्याकाळी त्या इमारतीखाली जायचा आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहून खिडकी बघायचा. दिवा लागला की भिंतीचा तुकडा दिसायचा, त्याच्यावरून कुणाची तरी सावली जायची. तेवढं बघून तो चालत भांडुपला परतायचा. वसुधाबाईंची खिडकी त्यानं चार-पाच वेळा तरी पाहिली असेल. बाई टेबलाशी वह्या तपासत बसलेल्या दिसायच्या, आणि भिंत त्यांच्या मागं जांभळट, शांत. एकदा बाई उठून खिडकीशी आल्या तेव्हा तो घाईघाईनं पानवाल्याकडे वळला.

घरी गेल्यावर तो स्टोव्ह पेटवायचा. त्याच्या स्वतःच्या भिंतींना चुना होता, शेवंती असताना लावलेला. स्टोव्हच्या बाजूनं तो काळा झाला होता आणि टेकडीच्या बाजूनं ओलीनं फुगला होता. सहा वर्षं त्यानं त्याला हात लावला नाही.

१९८८च्या गणपतीत तो गावी गेला तेव्हा नलिनी सातवीत होती. पुढची शाळा दोन नद्या ओलांडून होती. मुलीला मुंबईला न्यावं, असं घरातले सगळेच बोलत होते, शेवंती सोडून. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती पडवीत अबोलीचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, करत बसली होती. वर साठचा दिवा होता. ओच्यात अबोलीचा ढीग, आणि केळीच्या सोपाच्या दोरीत एकेक फूल ती अशी बसवत होती, की बोटं दिसतच नव्हती, नुसता रंग लांबत चालला होता. गुणाजी समोर खांबाला टेकून बसला होता. अबोली त्यानं जन्मभर पाहिली होती. पण रंगखात्यात केशरी आणि गुलाबी यांच्यामध्ये जी जागा नेहमी रिकामी राहायची ती ही, हे त्याला त्या दिवशी दिसलं. त्या उजेडाचा थोडा भाग शेवंतीच्या गळ्यावर आणि हनुवटीखाली पडला होता.

तो म्हणाला, खोली रंगवतो. तू ये.

शेवंतीनं फूल ओवणं थांबवलं नाही. “रंगान काय होतला? माका उजेड व्हयो.”

हे त्यानं ऐकलं. पण बावीस अधिक सहा वर्षं ज्या माणसानं रंग आणि उजेड यांच्यात फरक केला नाही, त्याला ते जसं ऐकू यायचं तसंच आलं. निघताना त्यानं काडेपेटीत चार फुलं घेतली. पनवेलपर्यंत ती तपकिरी झाली, भांडुपला पोचेपर्यंत चहाच्या चोथ्यासारखी. नमुना राहिला नाही. दत्ताराम असता तर म्हणाला असता, काम सोड.

दसऱ्याच्या सुमारास नलिनीच्या अक्षरात कार्ड आलं. आई म्हणते दिवाळी झाल्यावर आठ दिवस येऊन बघते, राहीन असं म्हणत नाही. खाली नलिनीनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, की बाबा तिकडे शाळेत मुलींना सायकल चालवू देतात का. गुणाजीनं कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं आणि हातातलं नाहूरचं काम दुसऱ्या रंगाऱ्याला देऊन टाकलं.

त्यानं आधी सगळा चुना खरवडला. ऑक्टोबरची उष्णता होती. दार उघडं टाकून त्यानं टेकडीकडची भिंत आठ दिवस वाळू दिली. भेगांत लांबी भरली, घासकागदानं घासली, पुन्हा भरली. शेजारच्या खोलीत खंडू आणि कमल राहायचे. माणसं सोलापूरकडची, नवबौद्ध, बारा वर्षांचा शेजार. खंडू भांडुपमधल्याच एका कारखान्यात ट्यूबलाइटचे चोक बनवायचा, कमल शिलाई करायची. गुणाजी कामाला गेला की त्याच्या खोलीची किल्ली कमलकडे असायची. रंग कालवायला लागल्यावर कमल रोज डोकावून जाऊ लागली. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर एकाशेजारी एक ठिपके वाढत होते. सतरा झाले.

“राऊळभाऊ, भिंतीला गोवर आलाय का?” ती म्हणाली.

खंडूनं तर संध्याकाळी बोळातूनच आवाज दिला. “अरे गुणाजी, लोकांच्या घरी दोन दिवसांत झकास करून येतोस, नि बायको येणार म्हटल्यावर हात थरथरतो काय रे तुझा?”

गुणाजी हसला. समोर चिंधी नसताना त्यानं आयुष्यात शेड जुळवली नव्हती. तो साठच्या बल्बखाली उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा, पडवी आणायचा, शेवंतीची हनुवटी आणायचा, आणि डोळे उघडून ठिपक्याकडे बघायचा. प्रत्येक वेळी ठिपका जास्त पिवळा असायचा. मग तो अजून थोडी निळसर राख घालायचा. अठरावा ठिपका वाळला तेव्हा तो आणखी राख घालायला उठला नाही. पडवी आणायला डोळे मिटावे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोळात बसून मोठी बादली कालवली. कमल नळावरून येत होती. तिनं बादलीत पाहिलं आणि कळशी खाली ठेवली. “हा काय रंग? अस्थी विसर्जनाला गेल्यासारखा. वहिनीला पळवून लावायचंय का?”

“आत ये. मग बोल.”

पहिली भिंत सुकली होती. कमल दारातून दोन पावलं आत आली आणि बल्बखाली थांबली. तिचा हात आपोआप गालाकडे गेला. ही तर अबोली, ती म्हणाली, अगदी हळू. मग तिनं बोळात जाऊन पुन्हा बादलीत पाहिलं, पुन्हा आत आली, असं दोनदा केलं. गुणाजीकडे बघून ती हसली ते थट्टेचं हसू नव्हतं. बाईमाणसासाठी कुणी असं काही करतं, हे तिनं कुठं पाहिलं नव्हतं. त्याबद्दल ती खंडूलाही काही बोलली नाही. सांगण्यासारखं तिला नीट जुळवता आलं नसतं.

दुसरा हात झाला, वाळला. पाच दिवस गुणाजी त्या खोलीत एकटा राहिला. ते पाच दिवस तो स्वयंपाक करत नव्हता, स्टोव्हचा धूर नको म्हणून खानावळीत जेवून यायचा. आल्यावर दिवा लावायचा आणि बसायचा. पहिल्यांदाच एका रंगवलेल्या घरात तो काम संपल्यावर आत होता. खिडकीपलीकडे उभा राहणारा माणूस जणू जिना चढून वर आला होता. फक्त आत दुसरं कुणी नव्हतं. भिंती उबदार होत्या, कुणी नुकतंच उठून गेल्यासारख्या. त्यानं ठरवून ठेवलं होतं: त्या दोघी येतील, त्यांना दारात थांबवायचं, आपण एकट्यानं आत जायचं, बटण दाबायचं, मग बोलवायचं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी तो परळच्या एस.टी. स्टँडवर गेला. किल्ली नेहमीसारखी कमलकडे दिली. कमल त्या दिवशी ब्लाउजं पोचवायला मुलुंडला जाणार होती, म्हणून तिनं ती खंडूला दिली. खंडूची दुसरी पाळी होती. सकाळभर मोकळा होता, आणि बरेच दिवस त्याच्या मनात एक गोष्ट होती. कारखान्यातून त्यानं चार फुटांची ट्यूब, पट्टी, चोक, स्टार्टर असा अख्खा संच कामगारांच्या सवलतीत घेऊन ठेवला होता. वहिनी त्या अंधाराला कंटाळून गेली हे सगळ्या चाळीला माहीत होतं. सहा वर्षं हा माणूस एकटा स्टोव्ह पेटवतो, हे पलीकडच्या भिंतीतून खंडूला रोज ऐकू यायचं. त्यानं वीज मेनवरूनच बंद केली, बॅटरीच्या उजेडात स्टूल घेतलं, बल्बचा होल्डर उतरवला, त्याच वायरीवर ट्यूब जोडली, भिंतीला दोन खिळे मारले आणि पडलेला गिलावा झाडून काढला. बल्ब जुना असला तरी चालू होता. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं तो देवाच्या फळीवर जपून ठेवला.

एस.टी. दोन तास उशिरा आली. शेवंतीच्या हातात एकच पिशवी होती, नलिनीच्या हातात नारळांचं गाठोडं. शेवंती थकली होती आणि टेकडीच्या पायऱ्या चढताना मध्ये मध्ये थांबत होती. गुणाजीला तिच्या केसांत बारीकसा वळेसर दिसला, प्रवासात कोमेजलेला. बोळात शिरल्यावर ती एकदा मागं वळून उन्हाकडे बघून आली.

दाराशी गुणाजी म्हणाला, थांबा जरा. खिशातल्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढून तो एकटा आत गेला. अंधारात बटण त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्यानं ते दाबलं.

काहीतरी दोनदा फडफडलं. मग पांढरा उजेड एकदम सगळीकडे उभा राहिला. गुणाजीला पहिल्यांदा वाटलं, मधल्या वेळात टेकडीची ओल वर आली. चारही भिंती ओल्या सिमेंटसारख्या होत्या. करड्या, किंचित निळ्या, मेलेल्या. कुठं गुलाबीचा अंश होता तोही थंडीनं ओठ काळवंडतात तसा. त्यानं वर पाहिलं तेव्हा कळलं. तोवर खंडू मागं येऊन उभा राहिला होता आणि बोळातून कमलही कापडाची पिशवी घेऊन परत आली होती.

“काय वहिनी, कसं काय? या, या आत,” खंडू म्हणाला. “आता दिवसासुद्धा पेपर वाचा.”

शेवंती उंबरठ्यावर आली. तिनं भिंतींकडे पाहिलं नाही. तिनं आधी वर पाहिलं, मग नलिनीकडे. नलिनी मधोमध उभी होती. तिच्या भुवईवरचा लहानपणचा व्रण, नाकावरचा घाम, कानातल्या काड्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. शेवंतीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. त्या खोलीत हे ती पहिल्यांदा करत होती.

“आता कसा, माणसाचा तोंड दिसता,” ती म्हणाली. तिचा आवाज सैल झाला होता. ती भिंतीशी बसली आणि पाय पसरले, पाहुणी बसत नाही तशी. मग नलिनीला म्हणाली, पिशवीतली लुगडी काढ आणि दोरीवर टाक, चुरगळली असतील. नलिनीनं विचारलं, सगळी? सगळी, शेवंती म्हणाली.

कमल दारात होती. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ट्यूबकडे. मग गुणाजीकडे.

गुणाजी देवाच्या फळीशी उभा होता. वर्तमानपत्रातली ती गोल पुडी त्यानं हातात घेतली होती. होल्डर नव्हता. पण होल्डर काय, दहा मिनिटांत लावता आला असता. खंडूला सांगितलं असतं तर त्यानंच लावला असता, वर हसलाही असता. तो रंग दाखवायचा तर हा उजेड काढावा लागणार होता. शेवंती डोक्यावरचा पदर मागं टाकून, डोळे बारीक न करता, आपल्या हाताच्या रेषा बघत होती. गुणाजीनं पुडी होती तिथं परत ठेवली.

तेव्हा कुठं शेवंतीचं लक्ष भिंतींकडे गेलं. तिनं बसल्या जागी बोटाचं पेर भिंतीवर फिरवून पाहिलं, गुळगुळीत लागली. कौतुकानं आणि जराशा मायेनं ती म्हणाली, “भिंती घासून बऱ्यो केल्यात. रंग लावूचो रवलो, नाय? लावा सावकाश. मी काय खंय जातंय?”

कमलचं तोंड उघडलं. “वहिनी, तो रंग…” गुणाजीनं तिच्याकडे पाहिलं. ती थांबली आणि हातातल्या पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागली.

नलिनी दोरीवर लुगडी टाकत होती. तिसरं लुगडं हिरवं होतं आणि ट्यूबखाली ते हिरवंच दिसत होतं. खंडू चोक किती वर्षं टिकतो ते शेवंतीला सांगत होता. शेवंतीनं केसांतला वळेसर काढून मांडीवर ठेवला, फुलं मोजल्यासारखी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि पाण्यात घालायला वाटी मागितली. गुणाजीनं वाटी दिली. त्यात पाणी घातलं. वाटीतली फुलंही विटलेली दिसत होती.

मग त्यानं दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, बोळातून पायऱ्यांपर्यंत गेला, आणि लोकांच्या खिडक्या बघायचा तसा तिथून आपल्या दारातला उजेड आणि त्यावरून जाणाऱ्या सावल्या बघत उभा राहिला.